मीटर ते डीबी : रो-हाऊसला मेन्सची केबल नक्की किती एमएमची?

धायरीकर

नमस्कार मंडळी. जाणकारांनी प्रकाश टाकावा म्हणून धागा काढतोय. (विषयच विजेचा आहे, तेव्हा हा विनोद एकदा सहन करा.)

धायरीत आमचं जुनं रो-हाऊस आहे. सध्या फरशीपासून वायरिंगपर्यंत सगळं उपसून काढलंय. मीटर गेटशेजारच्या खांबात आणि डीबी (घरभरच्या सर्किटांची स्विचपेटी) आत जिन्याखाली. केबल ज्या वाटेने जाणार ती वाट टेपने मोजली तर ३० मीटर भरते. आत्ता सिंगल फेज आहे आणि मीटरपासून आत ६ एमएमची (म्हणजे ६ चौरस मिलिमीटर छेदाची) तांब्याची वायर पाइपातून आलेली आहे.

घरात असणार ते असं: दीड टनाचे दोन एसी, २ किलोवॅटचे दोन गीझर, इंडक्शन, मायक्रोवेव्ह, पाणी तापवणारं वॉशिंग मशीन, इस्त्री, एक एचपीची मोटर, फ्रिज, दिवे-पंखे. सगळ्याची बेरीज १५ किलोवॅटच्या आसपास. शिवाय पुढच्या वर्षी इलेक्ट्रिक गाडी घ्यायची आहे, तिचा चार्जर ७.२ किलोवॅटचा.

आता गंमत ऐका. वायरमन म्हणतो, आहे ती ६ एमएम पुष्कळ झाली, हात लावू नका. तपकीर गल्लीतला दुकानदार म्हणाला, १० घ्या. मेहुणे म्हणतात, १६ टाका, कटकट नको. तिघांनीही आकडा सांगितला, कारण एकानेही सांगितलं नाही. नियम काय आहे आणि हिशोब कसा मांडायचा ते हवंय.

पेठेतला_पंत

मेहुण्यांचं ऐका. न ऐकल्याचा खर्च केबलपेक्षा जास्त येतो.

पॉवरहाऊस

मेहुणे चुकत नाहीयेत, पण आपण का बरोबर आहोत हे त्यांनाही ठाऊक नसावं.

तिघांनी आधी विचारायला हवं होतं की या केबलवर एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) किती अँपिअरचा बसणार आहे. भिंतीतली केबल जास्त करंटने तापते, तिचं पीव्हीसीचं आवरण कडक होतं, मग तडकतं, आणि हे सगळं प्लास्टरच्या आत वर्षानुवर्षं चालतं. तिला वाचवणारा एमसीबीच. म्हणून आयएस ७३२ मध्ये, म्हणजे वायरिंगच्या भारतीय मानकात, क्रम ठरवून दिलाय. घराला लागणारा करंट एमसीबीच्या आकड्यापेक्षा जास्त नको, आणि एमसीबीचा आकडा केबलच्या क्षमतेपेक्षा जास्त नको. क्षमता म्हणजे ती केबल जिथे आणि जशी टाकली आहे तिथली. खोक्यावर छापलेली नव्हे.

आता तुमचे आकडे घेऊ. १५ किलोवॅट ही बेरीज झाली, मागणी नव्हे. मे महिन्यात रात्री दोन्ही एसी चालतील, त्यात कोणी कपडे धुवायला टाकेल, कोणी इस्त्री करेल, पण गीझर बंद असतील. डिसेंबरात सकाळी दोन्ही गीझर, इंडक्शन आणि मोटर एकदम चालतील, तेव्हा एसी बंद. दोन्ही वेळा मी सात किलोवॅटच्या आसपास पोचतो. २३० व्होल्टला ३० अँपिअर. ३२ चा एमसीबी काठावर, ४० चा बरा.

आता केबल. भिंतीवरच्या किंवा भिंतीतल्या पाइपातून जाणाऱ्या दोन पीव्हीसी तांब्याच्या वायरींना आंतरराष्ट्रीय कोष्टकात ४ एमएमला ३२ अँपिअर दिलेत, ६ ला ४१, १० ला ५७, १६ ला ७६. तुमचा वायरमन बहुधा इथेच थांबला: ६ ला ४१, वर ४० चा एमसीबी, झालं काम. पण हे कोष्टक भोवतालचं तापमान ३० अंश धरून केलेलं आहे. पुण्याचा एप्रिल आणि उन्हाने तापलेली पश्चिमेची भिंत तुम्हाला मी सांगायला नको. ४० अंशाला गुणक ०.८७ आहे. त्याने ६ एमएम ३६ च्याही जरा खाली येते, १० एमएम जेमतेम ५० वर, १६ एमएम ६६ वर. ४० च्या एमसीबीखाली ६ नापास, १० पास. सिंगल फेजपुरता तुमचा दुकानदार जिंकला. पण गाडीचा विषय अजून यायचाय.

आणखी एक. आपल्याकडचे बरेच कॅटलॉग मुळातच ४० अंश धरून आकडे देतात. तिथे पुन्हा ०.८७ ने गुणू नका. कोष्टकाच्या खाली बारीक अक्षरात तापमान लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. एकाच वायरीचे दोन कॅटलॉगमध्ये दोन आकडे दिसले की लोक कंपनीला नावं ठेवतात, फरक बहुतेकदा या तळटीपेत असतो.

धायरीकर

बापरे, हे मला एकानेही सांगितलं नव्हतं. मग ४० ऐवजी ६३ चा एमसीबी आणि १० एमएम, असं केलं तर गाडीही त्यातच बसेल ना? डीबीत ६३ चा आरसीसीबी आधीच आणून ठेवलाय.

पॉवरहाऊस

नाही बसणार. ६३ च्या एमसीबीखाली तुमच्या तापमानाला १६ एमएम लागते, तीही ६६ वर, म्हणजे थोडक्यात पास. शिवाय महावितरणचा सिंगल फेज पुरवठा ४० अँपिअरपर्यंतच असतो. घराचे ३० आणि गाडीचे ३१ मिळून ६१ झाले. थ्री फेजसाठी अर्ज करावाच लागेल.

आरसीसीबीवर ६३ लिहिलंय त्याचा अर्थ त्यातून ६३ अँपिअर जाऊ शकतात इतकाच. ओव्हरलोड झाला म्हणून तो पडणार नाही, त्याचं काम गळती पकडण्याचं. केबल वाचवायला एमसीबीच लागतो.

कोथरूड_जिना_बी

धागा पळवतोय त्याबद्दल माफी, पण माझा प्रश्न याच घरातला आहे. आमची सोसायटी १९८० च्या दशकातली. सगळे मीटर जिन्याखाली, आणि तिथून वर एकाच पाइपातून सहा फ्लॅटच्या मेन्सच्या वायरी गेल्यात, प्रत्येकी ४ एमएम. आमच्या फ्लॅटचा ३२ चा एमसीबी उन्हाळ्यात सारखा पडायचा, म्हणून आधीच्या मालकांनी ४० चा बसवून घेतला. तेव्हापासून एकदाही पडला नाही. म्हणजे ठीक आहे ना?

पॉवरहाऊस

तो पडत नाही, हीच काळजीची गोष्ट आहे.

एमसीबीवर ४० लिहिलं म्हणून तो ४१ ला पडत नाही. मानकानुसार छापलेल्या आकड्याच्या १.१३ पटीपर्यंत त्याने तासाभरात पडता कामा नये, आणि १.४५ पटीला तासाभरात पडायलाच हवं. तुमच्या ४० च्या बाबतीत याचा अर्थ असा की ४५ अँपिअर तो निवांत जाऊ देईल, आणि ५८ अँपिअर चालू राहिले तरी तासभर वाट पाहण्याची त्याला मुभा आहे.

आता खालची वायर बघा. ४ एमएम, ३० अंशाला ३२. पुण्याच्या उन्हाळ्यात ०.८७ ने २८. आणि एका पाइपात सहा सर्किटं असतील तर प्रत्येक जण शेजाऱ्याच्या उष्णतेत शिजतो, त्याचा गुणक ०.५७. उरले साधारण १६ अँपिअर. आता हा आकडा सहाही घरं एकदम पूर्ण भाराने चालली तर आहे. पाइप टाकला तेव्हा घरटी चार ट्यूब, तीन पंखे आणि एक इस्त्री होती, म्हणून चालून गेलं. आता मेच्या रात्री सहापैकी चार घरांत दोन-दोन एसी असतील, तर चारच्या गटाला ०.६५ धरा, म्हणजे १८ अँपिअर. दोन एसींनीच त्यातले १५ खाल्ले.

आधीच्या मालकांचा ३२ चा एमसीबी खरं तर आधीच मोठा होता. तो पडत होता तरी. त्याच्या जागी आणखी मोठा बसवणं म्हणजे तापमापक ताप दाखवतोय म्हणून तापमापकच फेकणं.

४० चा आजच काढा. नव्या वायरी होईपर्यंत २५ चा बसवा. गटाच्या हिशोबाने तोही जास्तच आहे, पण ४० पेक्षा खूप बरा. तो पडला तर गीझर आणि इस्त्री वेगवेगळ्या वेळी लावा.

सेक्रेटरी_नाइलाजाने

कोथरूडकर, मीटरच्या पुढची वायर ज्याची त्याची, पण पाइप सगळ्यांचा, हा तिढा आमच्याकडेही होता. सर्वसाधारण सभेत चहा दोनदा झाला तरी निर्णय झाला नाही. शेवटी तिसऱ्या मजल्यावरच्या एका फ्लॅटच्या मीटरखाली न्यूट्रल (परतीची तार) जळून काळा पडला, त्याचा फोटो नोटीस बोर्डावर लावला. पुढच्या सभेत विषय पाच मिनिटांत मंजूर.

आम्ही डक्टच्या भिंतीवरून ट्रे नेला, प्रत्येक फ्लॅटची केबल वेगळी आणि मध्ये अंतर सोडून. जुन्या पाइपाला हातच लावला नाही.

पेठेतला_पंत

चहा दोनदा झाला म्हणजे सोसायटी पेठेतली नाही हे सिद्ध.

एडिसनकर

मूळचा सहकारनगरचा, आता न्यू जर्सीत. मी इलेक्ट्रिशियन नाही, पण गेल्या वर्षी घराचा पॅनेल बदलताना कोड वाचून काढला, म्हणून लिहितोय. आमच्याकडे घराच्या मुख्य फीडरला (पॅनेलपर्यंत वीज आणणाऱ्या केबलला) ८३ टक्क्यांची सवलत आहे. पॅनेल २०० अँपिअरचा असेल तर वायर १६६ अँपिअरची चालते, तांब्याची टू-ऑट किंवा ॲल्युमिनियमची फोर-ऑट (ही इकडची जाडीची मापं). १०० अँपिअरला तांब्याची ४ गेज. कारण सरळ आहे: अख्ख्या घराचा भार कधीच एकदम येत नाही. मग भारतात तीच सवलत घेऊन ४० अँपिअरला ३३ अँपिअरची वायर का नाही चालणार? तसं झालं तर धायरीकरांची ६ एमएम वाचते की.

पॉवरहाऊस

तुम्ही सांगितलंत ते तिथे बरोबर आहे, कलम ३१०.१२. पण त्याच्या अटीही त्याच कलमात आहेत. ती सवलत १०० ते ४०० अँपिअरच्या घरगुती सर्व्हिसला आणि फीडरलाच आहे, आणि तो फीडर त्या घराचा संपूर्ण भार वाहणारा हवा. मागच्या अंगणातल्या गॅरेजला नेलेल्या फीडरला ती मिळत नाही, कारण तिथे वेगवेगळ्या वेळी चालणाऱ्या भारांची सरासरी होत नाही. ४० अँपिअरचा फीडर तर तुमच्या कोडातही या कलमात बसत नाही.

दुसरं असं की तुमच्याकडे मागणी काढण्याची पद्धत कोडानेच ठरवून दिलीय, आणि तिच्यातून येणारा आकडा प्रत्यक्ष वापरापेक्षा बराच मोठा असतो. ८३ टक्क्यांनी त्यातलाच काही फुगवटा काढून टाकला जातो. आपण मात्र सुरुवातीलाच १५ किलोवॅटचे सात केले. एकाच कारणासाठी दोनदा सूट घेता येत नाही.

आयएस ७३२ मध्ये अशी सवलत नाही. एमसीबी केबलपेक्षा मोठा नको, मग ते घर असो वा पिठाची गिरणी.

एडिसनकर

मान्य. गॅरेजचा मुद्दा मला नवा होता. एक गोष्ट मात्र इथली तिकडे उपयोगी पडेल. गाडीच्या चार्जरला आमच्याकडे सतत चालणारा भार समजून १२५ टक्के धरतात. ३२ अँपिअरचा चार्जर म्हणजे सर्किट ४० चं.

पॉवरहाऊस

ही सवय मात्र जरूर उचलावी. चार्जर रात्री पाच-सहा तास एकाच करंटवर चालतो. गीझर तापला की बंद होतो, एसीचा कॉम्प्रेसर मंदावतो, चार्जर थांबत नाही. चार्जर बनवणारेही ३२ अँपिअरला ४० चाच एमसीबी सुचवतात.

ओहमची_लेक

सगळ्यांनी तापण्याचा हिशोब केला, व्होल्टेजचा कोणीच नाही केला. तीस मीटर ही फार नाही, पण विसरण्याइतकीही कमी नाही.

पीव्हीसी तांब्याच्या दोन वायरींना, जाऊन-येऊन धरून, दर अँपिअरला दर मीटरला किती मिलिव्होल्ट पडतात ते कोष्टकात असतं: ६ एमएमला ७.३, १० ला ४.४, १६ ला २.८. धायरीकरांच्या ३० मीटरला ४० अँपिअर धरले तर ६ एमएममध्ये ८.८ व्होल्ट जातात, म्हणजे ३.८ टक्के. १० एमएममध्ये ५.३ व्होल्ट, २.३ टक्के. १६ मध्ये ३.४ व्होल्ट, दीड टक्का.

आयएस ७३२ च्या २०१९ च्या आवृत्तीत मर्यादा दिव्यांसाठी ३ टक्के आणि इतरांसाठी ५ टक्के आहे, पण ती पुरवठ्याच्या सुरुवातीपासून शेवटच्या पॉइंटपर्यंत. मेन्सच्या केबलने एकटीने ३.८ खाल्ले तर दिव्यांची मर्यादा डीबीतच संपली, आणि पुढे दुसऱ्या मजल्यापर्यंत दीड एमएमच्या वायरी अजून जायच्याच आहेत. म्हणून मी मेन्सला दोन-अडीच टक्क्यांच्या वर जाऊ देत नाही.

आमच्याकडे येणाऱ्या तक्रारींत 'मोटर सुरू झाली की दिवे मंद होतात' ही नेहमीची. लोक स्टॅबिलायझर विकत घेतात. केबल मोजून बघायचं कोणाला सुचत नाही.

धायरीकर

ताई, फार छान समजावलंत. वाखु (वाचनखूण) साठवली. थ्री फेज घेतला तर हा ड्रॉप निम्मा होतो असं वायरमन म्हणाला, ते खरं का?

ओहमची_लेक

तिन्ही फेजवर भार सारखा असेल तर खरं, कारण मग न्यूट्रलमध्ये करंट जवळजवळ नसतो आणि परतीच्या तारेतला ड्रॉप वाचतो. पण तुमच्या घरी रात्री दोन वाजता काय चालू असेल? एका फेजवर गाडी, ३२ अँपिअर. बाकी दोन फेजवर फ्रिज आणि एक-दोन एसी. तेव्हा गाडीचा करंट तिच्या फेजने, समजा आर फेजने (तीन फेजना आर, वाय, बी म्हणतात), जातो आणि बराचसा न्यूट्रलने परत येतो. त्या वेळेपुरती तुमची थ्री फेज केबल सिंगल फेजसारखीच वागते. १० एमएम तांब्यात ३२ गुणिले ३० गुणिले ४.४, म्हणजे ४.२ व्होल्ट, १.८ टक्के. चालेल. पण 'निम्मा होतो' या भरवशावर ६ एमएम घेऊ नका.

यातूनच पुढचा मुद्दा निघतो: न्यूट्रल फेजच्याच जाडीचा हवा. कोणी 'थ्री फेजला न्यूट्रल बारीक चालतो' म्हणालं तर त्याला हा रात्रीचा दोनचा हिशोब दाखवा. शिवाय एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर एसी यांचे तिसऱ्या पटीचे हार्मोनिक करंट न्यूट्रलमध्ये एकमेकांना रद्द करत नाहीत, त्यांची बेरीज होते.

टेस्टर_खिशात

वर सगळे शिकलेले लोक बोलतायत, मी तारतंत्री परवानाधारक, वारज्यात काम करतो. आकडे बरोबर आहेत सगळे, पण राव, जळालेली केबल मध्येच जळालेली मी फार कमी बघितली. जळतं ते टोक. मीटरचं, एमसीबीचं किंवा न्यूट्रल लिंकचं.

मऊ तारेची १० एमएम नुसती पिळून एमसीबीत खुपसतात. चार तारा बाहेर राहतात, स्क्रू बाकीच्यांवर बसतो, दोन उन्हाळ्यांत सैल होतो. पिन लग (तारेच्या टोकावर बसणारी धातूची टोपी) लावून क्रिम्पिंग मशीनने दाबा. पक्कडीने दाबलेला लग म्हणजे लग नाहीच.

ॲल्युमिनियम घेणार असाल तर अजून सांभाळून. तांब्याच्या पट्टीवर ॲल्युमिनियम थेट बसवलं की सांधा खराब होत जातो, तिथे बायमेटल (दोन्ही धातूंचा) लग लागतो. तार सोलली की लगेच जेली लावायची. केबल स्वस्त पडते, पण टोकाचं काम करणारा माणूस नीट हवा.

आणि थ्री फेज घेताय तर न्यूट्रलचा सांधा स्वतः उभं राहून करून घ्या. न्यूट्रल तुटला तर कमी भार असलेल्या फेजवरचा टीव्ही-फ्रिज ४०० व्होल्टच्या दिशेने जातो. सिंगल फेजला न्यूट्रल गेला तर घरात अंधार होतो, थ्री फेजला गेला तर सामान जातं. एका बंगल्यात वॉशिंग मशीनचं कार्ड, राउटर आणि दोन चार्जर एका झटक्यात गेलेले मी बघितलेत.

जुन्या घरात 'सात-वीस' टाकलीय असं कोणी सांगितलं तर घाबरू नका. सात तारा, २० गेजच्या, म्हणजे आजच्या हिशोबाने साडेचार एमएमच्या आसपास.

कोथरूड_जिना_बी

आमच्याकडे आजोबांच्या वेळच्या कागदावर खरंच ७/२० लिहिलंय! मला वाटलं तारीख आहे.

पेठेतला_पंत

तारीखच आहे. त्या तारखेनंतर बदलायला हवी होती.

धायरीकर

टेस्टरभाऊ, मग मी तांबं घेऊ की ॲल्युमिनियम? गेटपासून घरापर्यंत जमिनीतूनच न्यायची आहे, अंगणातली फरशी अजून बसलेली नाही.

टेस्टर_खिशात

फरशी बसली नाही तर देव पावला. जमिनीतून साध्या पाइपाच्या वायरी नेऊच नका. आर्मर्ड केबल (वर पोलादी तारांचं चिलखत असलेली) घ्या, चार कोर, १६ एमएम, ॲल्युमिनियम, एक्सएलपीई (पीव्हीसीपेक्षा जास्त उष्णता सोसणाऱ्या आवरणाची), आयएस ७०९८ ची. अडीच फूट खोल, खाली-वर वाळू, वर विटा, विटांवर पिवळी पट्टी. पुढे कोणी झाड लावायला खोदलं तर आधी पट्टी दिसेल.

दुकानात साडेतीन कोर मागू नका. तो प्रकार २५ एमएमपासून वरच्यात येतो आणि त्यात न्यूट्रल बारीक असतो. चार कोर म्हणजे चारही सारखे.

ओहमची_लेक

दुजोरा. १६ ॲल्युमिनियमचा रोध साधारण १० तांब्याइतकाच असतो, त्यामुळे वरचे ड्रॉपचे आकडे थोड्याफार फरकाने तसेच राहतात. आणि जमिनीतली एक्सएलपीई ४० अँपिअरला पुरून उरते. (पुरूनच.) एक्सएलपीई आत ९० अंश सोसते, पण एमसीबीची टोकं तितकी सोसत नाहीत, म्हणून ९० अंशाच्या कोष्टकातला शेवटचा अँपिअरही वापरायच्या मागे लागू नका.

पॉवरहाऊस

म्हणजे मेहुण्यांचा १६ चा आकडा खरा ठरला, धातू वेगळा निघाला इतकंच.

अर्थिंग राहिलं. नियम सोपा आहे: एकाच धातूचं बोलायचं तर फेजची तार १६ एमएमपर्यंत असेल तर अर्थची तार तितकीच, १६ ते ३५ पर्यंत अर्थ १६, त्यापुढे फेजच्या निम्मी. पण तुमच्याकडे स्वतःचा अर्थिंगचा खड्डा असेल तर फक्त तारेच्या जाडीवर विसंबू नका. खड्ड्याचा रोध ५ ओहम आला, आणि ५ हा चांगला आकडा आहे, तर दोषाच्या वेळी २३० भागिले ५, म्हणजे ४६ अँपिअर वाहतील. सी प्रकारच्या ४० च्या एमसीबीला तत्काळ पडायला २०० ते ४०० अँपिअर लागतात. ४६ ला तो पडणारच नाही, आणि गीझरची बॉडी जिवंत राहील. म्हणून ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच. तुम्ही आणलेला ६३ चा दोन पोलचा असणार, तो दुकानात बदलून चार पोलचा घ्या, आणि शक्यतो चार्जरला स्वतंत्र. नाहीतर गाडीच्या गळतीने फ्रिज बंद पडायचा.

वीज जोडणी वाढवताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट लागतो. सही विकत घेऊ नका. त्याला इन्सुलेशन आणि अर्थिंग खरोखर मोजायला लावा आणि आकडे स्वतः डोळ्यांनी बघा.

धायरीकर

सगळ्यांचे आभार. वायरमनला हिशोब दाखवला. त्याने दोनदा वाचला आणि म्हणाला, 'कोष्टक मला पण पाठवा.' मेहुण्यांना अजून सांगितलेलं नाही.

ठरलं ते असं: थ्री फेजचा अर्ज. मीटरजवळ चार पोलचा ४० चा एमसीबी. तिथून डीबीपर्यंत चार कोर १६ ॲल्युमिनियम आर्मर्ड. आर फेजवर गाडी आणि देवघराचा दिवा, एवढंच. दोन्ही एसी वेगवेगळ्या फेजवर, गीझरही तसेच. जुनी ६ एमएम काढून टाकतोय.

शेवटचा प्रश्न टेस्टरभाऊंना. खणतोच आहे तर त्याच चरात आणखी काही टाकून ठेवू का? गच्चीवर सोलर बसवायचा विचार आहे, आणि गेटला कॅमेरा.

टेस्टर_खिशात

दोन रिकामे पाइप टाका. सोलरच्या केबलसाठी ५० एमएमचा, आणि कॅमेऱ्याच्या वायरीसाठी २५ चा. कॅमेऱ्याचा पाइप पॉवर केबलपासून फूटभर लांब. दोन्हींत नायलॉनची दोरी ओवून दोन्ही टोकांना गाठ मारा, आणि टोकं कापडाने नाही, टोपणाने बंद करा. कापड उंदीर नेतात.

फरशी बसवण्याआधी चर उघडा असताना मोबाईलवर फोटो काढा, शेजारी टेप ठेवून.